जोत्यातले दगड

सोयबोय गावाला लोंढा नवा नव्हता. वर डोंगरात पाऊस लागला की ओढा माजायचा. एखादं कुंपण, चार कोंबड्या, कुणाचा वाळत टाकलेला गालिचा ओढून नेऊन खाली कारादर्या नदीला मिळायचा. लोक शिव्या घालायचे, चिखल उपसायचे आणि विसरून जायचे. पण त्या वसंतात तो आला तो घरांचा घास घ्यायलाच.

जर्दाळू फुलले होते. गावात लख्ख ऊन होतं, डोंगरावर तेवढं काळं. सनोबर अंगणातल्या तंदूरला नान लावत होती. आधी आवाज आला, मग उकरलेल्या मातीचा वास, आणि मग गल्लीच्या तोंडाशी चिखलाची भिंतच उभी राहिली. हातातला नान तिथंच टाकून ती धावली. सासरा, हमरोकुल-अता, तुतीखालच्या लाकडी बाजेवर पडला होता. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, गुडघे कधीचेच गेलेले. तिनं त्याला पाठुंगळी घेतलं आणि शिडीवरून धाब्यावर चढली. चिखल तोवर अंगणात शिरला होता. म्हाताऱ्याच्या हाडांचं वजन ते काय, पण शिडी ओली होती.

"गाय," म्हातारा तिच्या कानाशी म्हणाला.

"मरू दे गाय."

"बांधलेली आहे, पोरी. बांधलेलं जनावर असं मारू नये."

ती पुन्हा उतरणार तोच शेजारचा नोर्मत-अका मधली भिंत ओलांडून आला. कंबरभर चिखलात शिरून त्यानं सुरीनं दावं कापलं. गाय हंबरत गल्लीत गेली आणि नोर्मत वर बघून ओरडला, "सनोबर, माझी टोपी गेली बघ! गाईच्या बदल्यात टोपी देशील ना?"

अशा वेळीसुद्धा त्याला थट्टा सुचायची.

तिन्हीसांजेला पाणी ओसरलं. गोठा गेला होता. मोठ्या खोलीची मागची भिंत दमलेल्या माणसासारखी जागच्या जागी बसली होती. हीच खोली, जिच्यात सनोबर नवरी म्हणून आली. भिंतीतल्या कोनाड्यात रचलेल्या लग्नातल्या गाद्या-गोधड्यांचा आता चिखलाचा ढीग झाला होता.

नवरा, उल्मस, रशियात कुठं तरी बारा मजली इमारतींना गिलावा करत होता. फोनवर म्हणाला, "मी आत्ता निघालो तर पुन्हा कामावर घेणार नाहीत. मोहल्ल्यात सांग. हशर घाल. नोर्मत-अका आहे ना?"

"आहे."

"अता बरा आहे?"

"बरा आहे. बोलत नाही."

"तो कधी बोलायचा?" उल्मस हसला, मग खोकला, मग फोन कटला.

हशर म्हणजे गावानं मिळून केलेलं काम. ज्याचं घर पडलं त्यानं जेवण घालायचं, बाकीच्यांनी अंगमेहनत. मोहल्ल्याचा म्होरक्या कोझिम-अक्सकाल घरोघर फिरून गेला. आधी तुझी भिंत, म्हणाला, तू एकटी बाई आहेस.

हशरच्या दिवसापर्यंत सनोबरनं एकटीनं चिखल उपसला. फावड्यानं तळहाताची साल निघाली. फडकं गुंडाळलं तर फडकंही चिकटून बसलं. सकाळी ते सोडवताना ती ओठ चावायची. भिंतीचा राडा दूर झाला तसं खालचं जोतं दिसायला लागलं. नदीतले गोटे, मातीत बसवलेले. त्यातला एक लांबट, काळसर, गुळगुळीत गोटा लोंढ्यानं उलटा केला होता. तिनं त्यावर पाणी ओतलं आणि चिखलातून अक्षरं वर आली. बारीक, वळणावळणाची. शाळेत शिकली होती तसली नव्हेत. कुराणातल्यासारखी.

बाजेवरून म्हातारा बघत होता.

"पालथा घाल तो," तो म्हणाला.

"काय आहे अता हे?"

"दगड आहे. पालथा घाल."

तिनं घातला. पण शेजारी आणखी एक होता, आणि कोपऱ्यातही. ते मातीत रुतले होते, त्यांची पाठ वर होती की पोट, कोण सांगणार.

हशरच्या दिवशी ती पहाटेच कढईपाशी बसली. गाजरं चिरली. दुंबा मेंढीची चरबी वितळवली. वर्षभर जपून ठेवलेला उझगेनचा लाल तांदूळ सगळा काढला. माणसं कुदळी, फावडी खांद्यावर टाकून आली. अंगण भरलं. तिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात पुरुषांचा आवाज होता. कुणी पायानं गारा तुडवत होतं, कुणी काड टाकत होतं, कुणी विटांचे साचे धूत होतं. नोर्मत कंबरेपर्यंत उघडा होऊन गाऱ्यात नाचत होता आणि बाकीचे हसत होते.

"जोतं आधी सरळ करा," कुणीतरी म्हणालं. दोघांनी तो लांबट गोटा उचलला. उचलताना तो पलटला.

त्यांच्यात झोइर होता. परदेशात चार वर्षं मदरशात शिकून आलेला, मोहल्ल्यातला नवा तरुण मुल्ला. वाईट पोरगा नव्हता. कुदळ घेऊन कामालाच आला होता. त्यानं वाकून दगडावरची माती अंगठ्यानं पुसली. ओठ हलले. मग त्याचा चेहरा उतरला.

"काय लिहिलंय रे?" कोझिमनं विचारलं.

"कबरीवरचा दगड आहे." झोइरनं बोट फिरवत हळूहळू वाचलं. "ही... कबर... धान्यवाल्या अलीच्या लेकीची. नाव झुलैखा. वर्ष पण आहे." त्यानं मनाशी हिशोब केला. "आठशे वर्षं झाली, अक्सकाल."

गाऱ्यातले पाय थांबले. कोपऱ्यातला दगड काढला, त्यावरही अक्षरं होती. तिसऱ्यावरही.

"टेकडीवरच्या जुन्या कबरस्तानातले," एक जण म्हणाला.

"मेलेल्यांच्या छातीवर घर बांधलं?"

सगळ्यांच्या नजरा बाजेकडे वळल्या. हमरोकुल-अता साऱ्या मोहल्ल्याचा गवंडी होता. त्याच्या हातची भिंत ओळंब्याशिवाय सरळ, असं लोक म्हणायचे. त्यानं दाढी छातीवर टेकवली होती. झोपला होता की ऐकत होता, कळत नव्हतं.

"अता," कोझिम जवळ जाऊन म्हणाला, "हे तुम्ही घातलेत?"

"मी घातले."

"माहीत असून?"

"दगड हवे होते," म्हातारा म्हणाला.

कोझिमनं फावडं उचललं, त्याची माती गवताला पुसली आणि खांद्यावर टाकलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. एकेक जण पाटाच्या पाण्यात पाय धुऊन गेला. कढईवरचं झाकण सनोबरनं नुकतंच काढलं होतं. वाफ वर चढत होती. ती झारा हातात घेऊन उभी होती आणि माणसं तिच्या बाजूनं, तिच्याकडे न बघता, फाटकाबाहेर पडत होती. ज्याच्या दारात काम केलं त्याचा घास न घेता जायचं, याहून मोठी शिवी सोयबोयमध्ये नव्हती.

नोर्मत तेवढा राहिला. तो हात धुऊन आला आणि जेवणासाठी अंथरलेल्या कापडापाशी मांडी घालून बसला.

"वाढ."

"तुम्ही पण जा अका. उगाच तुमच्या नावानं बोलतील."

"तांदळाला काय ठाऊक कबर नि बिबर? वाढ. मी मेलेल्यांना भीत नाही. मी बायकोला भितो, आमच्या हैरीला, ती जिवंत आहे."

तो एकटा चाळीस माणसांच्या कापडापाशी बसून जेवला. नको तेवढं जेवला. शेवटी शेवटी घास गिळताना त्याला त्रास होत होता, ते तिला दिसत होतं. तरी त्यानं थाळा बोटानं पुसून घेतला.

दुसऱ्या दिवशी कोझिम निरोप घेऊन आला. आत आला नाही, फाटकातच उभा राहिला. "सगळं जोतं खणून दगड कबरस्तानात पोचवा. मग मोहल्ला येईल."

"सगळं जोतं खणलं तर सगळं घर पडेल, अक्सकाल."

"मला कळतं ते, सनोबर. पण लोकांना मी काय सांगू?" तो खरंच कष्टी दिसत होता. "तू अताला विचार. आणखी कुठं कुठं घातलेत ते त्याला विचार."

तिनं विचारलं. दुपारी म्हाताऱ्याचे पाय कोमट पाण्यात चेपताना विचारलं. त्याच्या घोट्याभोवतीची कातडी कागदासारखी सरकत होती. मग बोलला तो पाण्याकडे बघत.

"लढाई संपली त्याच्या पुढचं साल. वरून हुकूम आला, हमामखाना बांधा, कापसाचं कोठार बांधा. टेकडी नांगरायला काढली. दगड गाड्यांनी खाली आले. मी तेव्हा पोरगाच, अठरा-एकोणीसचा. हमामखान्याच्या फरशीखाली किती घातले, देव जाणे. तोंड खाली करून घालायचो. मुकादम म्हणायचा, लिहिलेली बाजू सपाट असते, वर ठेव. मी खाली करायचो. एवढंच केलं मी. त्याहून जास्त काही केलं नाही, मला शूर समजू नकोस."

"आणि घरात?"

"उरलेले वाटले. आई माझी उघड्यावर निजत होती. भाऊ लढाईतून परतला नव्हता. नदीवरून गोटे आणायला गाडी कोण देणार? ढीग इथं पडलेला. लोक यायचे, हमरोकुल, माझ्या भिंतीला चार दगड बघ. बघितले."

"कुणाकुणाच्या?"

म्हाताऱ्यानं पाय पाण्यातून काढला. "ते विचारू नकोस. ज्यांनी मागितले ते गेले. आता त्यांची पोरं, नातवंडं त्या भिंतीला पाठ टेकून झोपतात. झोपलेल्या माणसाला उशाखाली काय आहे ते सांगू नये, पोरी. आणि तूही सांगायचं नाहीस."

"नाही सांगणार," ती म्हणाली. तेव्हा सांगायचं तिच्या मनातही नव्हतं.

गल्लीच्या टोकाला पाटावर बायका कपडे धुवायच्या. लोंढ्यानंतर सगळ्यांच्याच घरात चिखलानं माखलेल्या गोधड्या, गालिचे होते. सनोबर पहाटे लवकर जायची, कुणी भेटू नये म्हणून. त्या दिवशी गाय उशिरा पान्हवली नि तिला उशीर झाला. ती आली तशा दोघी-तिघी सरकल्या. शेजारची हैरिनिसो, नोर्मतची बायको, हिला तेवढं हसू आलं, पण ओशाळं. तिच्याजवळ तिची लेक दिल्दोरा बसली होती, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. पोट एवढं पुढं आलेलं की वाकता येत नव्हतं. ती नुसती पाण्यात पाय सोडून बसली होती.

कोझिमची बायको रोबिया गोधडी बडवत होती. बडवता बडवताच म्हणाली, "तरी म्हटलं, दोन पोरं झाली नि दोन्ही मातीत गेली, असं कसं. नवरीचं अंथरूणच कबरीवर घातलेलं. पोर टिकेल कशी?"

बडवणं चालू होतं, धप, धप.

सनोबरची दोन्ही पोरं मेलेलीच जन्मली होती. दुसऱ्याच्या वेळी तर तिनं त्याची नखं पाहिली होती, पुरी वाढलेली. त्यांची नावं ठेवू दिली नव्हती कुणी. या सगळ्या बायका तेव्हा येऊन रडल्या होत्या, रोबियाही. तिनं हातातली गोधडी पाण्यात टाकली.

"माझ्याच अंथरुणाखाली आहे होय?" ती म्हणाली. आवाज आपला नाही असं तिला वाटलं. "माझ्या सासऱ्यानं काय एकच घर बांधलं? हा अख्खा मोहल्ला त्याच्या हातचा आहे. जा घरी नि उकरा! तुझी चूल कशावर आहे बघ, रोबिया-अपा! हिची भिंत बघा, तिचा गोठा बघा! प्रत्येकीच्या उशाखाली मुडदा आहे. तुम्ही पोरं काढलीत ना त्याच्यावर? मग मलाच का बोलता?"

बोट फिरवताना ते हैरिनिसोवरूनही फिरलं. हैरिनिसो तिच्याकडे बघत नव्हती. ती लेकीच्या पोटाकडे बघत होती.

गोधडी तशीच ओली खांद्यावर टाकून सनोबर घरी आली. पाठीवरून पाणी निथळत होतं आणि एवढं बरं वाटत होतं, जणू गळू फुटलं.

ते बरं वाटणं सकाळपर्यंतच टिकलं. सकाळी म्हाताऱ्यापर्यंत गोष्ट पोचली. फाटकावरून कुणीतरी ओरडून विचारून गेलं, "अता, आमच्या पडवीखाली पण आहेत का हो?"

म्हाताऱ्यानं तिला हाक मारली. "तू बोललीस?"

ती उभी राहिली.

"बोललीस." तो रागावला नाही. काठी शोधायला लागला, बाजेवरून पाय खाली सोडले, आणि उठता येईना म्हणून पुन्हा बसला. "आता ऐक. नोर्मतकडे जा. लगेच जा. त्याची बायको भित्री आहे, पोरीचे दिवस भरत आलेत. तो खणायला घेईल. त्याला सांग, त्या भिंतीत पाणी कंबरेपर्यंत चढलंय, वरून कोरडी दिसते पण आत लापशी झालीय. जोत्याला हात लावू नको म्हणावं. हमरोकुलनं सांगितलंय म्हणावं."

"जाते."

"आणि सांग, त्याच्या भिंतीत काही नाही. त्याच्या बापानं नदीचे गोटे स्वतः वाहून आणले होते. मी बघितलंय."

"जाते म्हटलं ना."

तंदूर तापला होता. पीठ फुगून परातीबाहेर येत होतं. ती मनाशी म्हणाली, एवढे नान लावते, मग जाते. खरं कारण ते नव्हतं. हैरिनिसोच्या तोंडाकडे कसं बघायचं, हे तिला कळत नव्हतं. दार तिनंच उघडलं तर? दिल्दोरानं उघडलं तर? नान भाजण्याचं निमित्त बरं होतं. तिनं एकेक नान थापला, पाणी लावलं, तंदूरमध्ये वाकून चिकटवला. भाजलेले काढले. दोन चांगले निवडून फडक्यात बांधले, रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून. डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला.

फाटकाशी पोचली तेव्हा आवाज झाला. मोठा नव्हता. धान्याचं पोतं खांद्यावरून टाकावं तसा. आणि मधल्या भिंतीवरून धुळीचा लोट वर आला.

मग हैरिनिसो ओरडली.

माणसं धावली. ज्यांनी पंधरवड्यापूर्वी फावडी पुसून खांद्यावर टाकली होती तेच फावडी न घेता धावले, हातांनी उपसायला लागले. कोझिम होता, झोइर होता. झोइरच्या नखांतून रक्त येत होतं. सनोबरही ढेकळं उचलून मागं टाकत होती. तिला कुणी बाजूला हो म्हणालं नाही, ते बरं झालं. नोर्मत-अका पालथा सापडला. कानात, नाकात, तोंडात माती. मान एका बाजूला अशी वळलेली की कुणालाच नाडी बघावीशी वाटली नाही.

पडलेल्या भिंतीपासून जरा दूर, पाटाच्या कडेला, त्यानं खणून काढलेले दगड ओळीनं मांडले होते. प्रत्येक दगड धुतलेला, दोन्ही बाजूंनी. सकाळपासून तेच करत असणार. साधे नदीचे गोटे. एकावरही अक्षर नव्हतं.

हैरिनिसो त्यांच्याकडे बघत जमिनीवर बसली होती. "मीच म्हटलं," ती म्हणत होती, "मीच म्हटलं, आणखी एक बघा, आणखी एक बघा." मग तिची नजर सनोबरवर गेली. सनोबरच्या पायाशी ते फडकं पडलं होतं, नान बांधलेलं. हैरिनिसोनं नुसतं बघून तोंड फिरवलं. त्या दिवसापासून ती सनोबरशी बोलेनाशी झाली.

मयताला अख्खा गाव लोटला. पुरुष कंबरेला दुखवट्याची फडकी बांधून फाटकाशी रांगेनं उभे होते. बायका आत. हमरोकुल-अताला कोझिम आणि झोइर दोघांनी खुर्चीत बसवून उचलून आणलं, त्यानंच निरोप धाडला होता. सनोबर बायकांत बसली नाही. ती मधल्या भिंतीपाशी उभी राहिली. तिथून दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

इमामानं रीतीप्रमाणं विचारलं, "हा माणूस कसा होता?"

"भला माणूस होता," सगळे एका आवाजात म्हणाले.

मग म्हाताऱ्याचा आवाज आला. बारीक, पण शांततेत पोचला. "मलाही बोलायचंय. दगड मी घातले. कुठं घातले ते मला ठाऊक आहे. ते मी सांगणार नाही. कुणी विचारायचं नाही. पाप असेल तर ते माझ्या मानेवर बांधा, मला फार दिवस वाहायचं नाही. पण भिंतींना हात लावू नका. ओल्या आहेत. या पोरानं... " तो थांबला. सत्तरीला आलेल्या नोर्मतला तो पोर म्हणत होता. "या पोरानं माझ्या घरी एकट्यानं जेवण केलं. त्याची भिंत मी राखू शकलो नाही. माझ्यावर राजी व्हा, मनातून माफ करा, म्हणजे मीही मरायला मोकळा."

कुणी खाकरलं. कोझिम-अक्सकालनं जमिनीकडे बघत म्हटलं, "राजी आहोत, अता." मग आणखी कुणी म्हणालं. झोइर रडत होता, लहान पोरासारखा, बाहीनं नाक पुसत. दगडावरचं वाचलं तर त्यानंच होतं. पण वाचण्यात त्याचा काय गुन्हा, असं सनोबरला वाटलं. तिच्याबद्दल म्हातारा अवाक्षर बोलला नव्हता. तो बोलला असता तर सोपं झालं असतं.

त्यानंतर दगडांचा विषय निघाला नाही. माणसं मुकाट्यानं सनोबरच्या घरी आली, मुकाट्यानं जोतं बसवलं. झोइर एका सकाळी गाढवगाडी घेऊन आला. अलीच्या लेकीचा दगड त्यानं गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवला, कबरस्तानात नेला. बाकीचे जिथं होते तिथंच राहिले. भिंत वर चढली. यावेळी पुलाव सगळे जेवले, पण खाली माना घालून.

हमरोकुल-अता तुती पिकायच्या आत गेला. झोपेतच. उल्मसला यायला तीन दिवस लागले, तोवर माती दिलेली होती. तो आठवडाभर राहिला, बापाच्या बाजेवर बसून राहिला आणि परत गेला. जाताना म्हणाला, "भिंत चांगली झालीय." सनोबरनं त्याला नोर्मत-अकाचं सगळं सांगितलं. आपण पाटावर काय बोललो तेही, नान भाजत बसलो तेही. तो ऐकून म्हणाला, "तू काय मुद्दाम केलंस?" तिला ते ऐकायचं नव्हतं. काय ऐकायचं होतं, तेही ठाऊक नव्हतं.

हैरिनिसोच्या घराची ती भिंत पडलेलीच होती. मोहल्ल्यानं तिथंही हशर करायचं ठरवलं, पण कापसाच्या खुरपणीचे दिवस आले, माणसं पांगली. पाला-फांद्यांचा एक आडोसा तेवढा केला होता. दिल्दोरा बाळंत झाली ती त्या आडोशामागं. मुलगा झाला, ठणठणीत. रडायचा तो दोन अंगणं ऐकतील असा.

सनोबर एक दिवस सकाळी गाय पिळून झाल्यावर साचा घेऊन तिथं गेली. काही न विचारता अंगणाच्या कोपऱ्यात माती ओढली, पाणी सोडलं, काड टाकली आणि चपला काढून आत उतरली. हैरिनिसो ओसरीवर नातवाची दुपटी घडी घालत होती. तिनं बघितलं. आत गेली. दार लावलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्याही. सनोबर गारा तुडवायची, विटा पाडायची, ओळीनं वाळत घालायची. उन्हानं मानेची कातडी सोलली. पायाच्या भेगांत काड शिरून पू झाला. दुपारी तिला कुणी पाणी विचारलं नाही. ती पाटावर जाऊन ओंजळीनं प्यायची. तिथं कपडे धुणाऱ्या बायका आता तिला जागा करून द्यायच्या, रोबियासुद्धा. एकदा रोबियानं तिच्या हातावर चहाचा पियाला ठेवला.

विटा वाळल्या तशी ती रचायला लागली. गवंडीकाम तिला येत नव्हतं. सासऱ्याला बघून जे डोळ्यांत राहिलं होतं तेवढ्यावर चालली होती. पहिली ओळ वाकडी गेली. मोडली. पुन्हा रचली. एकदा आतून बाळ रडलं, आणि दिल्दोरा त्याला घेऊन बाहेर आली, सनोबरपाशी उभी राहून त्याला थोपटायला लागली. आतून हैरिनिसोची हाक आली, "दिल्दोरा, ऊन लागेल त्याला." पोरगी आत गेली. जाताना तिनं सनोबरकडे अशी एक नजर टाकली की सनोबरला त्या दिवशी पुढं काही सुधरेना. तिनं तीन विटा उलट्या लावल्या.

उन्हाळा सरत आला. टरबूजं बाजारात आली. भिंत छपराच्या उंचीला पोचली. कोझिमनं दोन माणसं धाडून वासे बसवून दिले. राहिला तो गिलावा. सनोबरनं बारीक माती चाळली, गव्हाचा भुसा मिसळला, रात्रभर मुरू दिला आणि सकाळी हातानंच सारवायला घेतलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. गार माती तळहातावर छान लागत होती. पाठीमागं पावलं वाजली, पण तिनं वळून बघितलं नाही. दिल्दोरा असेल.

पावलं थांबली. बराच वेळ थांबली. सनोबरचा हात चालू होता.

"त्या कोपऱ्यात आणखी एक थर दे," हैरिनिसो म्हणाली. आवाज घोगरा, वापरात नसलेल्या भांड्यासारखा. "हिवाळ्यात वारा तिकडून येतो."

सनोबरनं खाली वाकून दोन्ही हातांनी चिखल घेतला आणि कोपऱ्याकडे वळली.